तिच्या हातची बेल

पाणी भरायचं काम त्याच्याकडे होतं. मुक्कामाला पोचलं की आधी घरगाडीच्या पोटातली टाकी भरायची, मग चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे आणि मग बसायचं, असा क्रम. त्या संध्याकाळी त्याला वाटलं, आज आधी बसावं. मान आखडली होती, कंबर बोलत होती, आणि दिवसभर सरळ रस्त्याकडे बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. पण एकदा टेकलं की उठणं व्हायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रबरी नळी खांद्यावर टाकून तो नळ शोधायला निघाला.

जन्मभर तो बसवर ड्रायव्हर होता आणि त्याची बायको त्याच बसवर कंडक्टर. ओळख बसमध्ये, लग्न बसच्या सुट्टीच्या दिवशी, आणि नंतरचा सगळा संसार पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत. दिवसभर बरोबर, घरीही बरोबर, मग भांडता कधी, असं लोक विचारायचे. ती म्हणायची, "भांडण रंगायच्या आतच थांबा येतो हो."

दोघं निवृत्त झाली तेव्हा त्यांनी एक जुनी घरगाडी विकत घेतली. पुढे दोन खुर्च्या, मध्ये शेगडी आणि मोरी, मागे पलंग, आणि पलंगाला पडदा. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ राहायची. विमानाने या म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती, पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आयुष्यभर जिथून निघालो तिथेच परत आलो, आता एकदा तरी न वळता सरळ जाऊ, असं बायकोचं म्हणणं होतं. तिची अट एकच होती. वाटेत काहीही विसरलं तरी मागे फिरायचं नाही. त्याप्रमाणे एक पातेलं, एक छत्री आणि त्याचा चष्मा वेगवेगळ्या गावांना बहाल करून झाला होता. गाडी एकदाही वळली नव्हती.

आणि गाडीत बेल होती. विकणारा माणूस हसत होता, तरी त्याने ती स्वतः बसवली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पितळी बेल, तिची दोरी छताखालून थेट मागच्या पलंगापर्यंत. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डबल बेल झाल्याशिवाय त्याने उभ्या आयुष्यात गाडी हलवली नव्हती आणि सिंगल झाल्यावर पुढे नेली नव्हती. डोक्याला कळायच्या आधी पायाला कळायचं.

दर कंडक्टरचा हात वेगळा असतो. तिचा तर लाखांत ओळखू यावा असा. नोकरीच्या सुरुवातीलाच बसच्या दारात सापडून तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं जुळलं होतं. दोरी सोडताना ती त्या बोटात किंचित अडकायची, आणि खणखणीत बेलच्या मागून एक अर्धा, चुटपुटता आवाज यायचा. टण, टण… टिण. तिचा चेहरा नीट पाहायच्या आधी तो त्या अर्ध्या टिणच्या प्रेमात पडला होता, असं तो थट्टेने सांगायचा. थट्टा नव्हती ती.

सुरुवातीला दोघं वाटेत गाणी म्हणायची. आता गाणी संपली होती. प्रवासाची हौस फिटली होती, पण प्रवास फिटला नव्हता.

घरगाड्यांच्या मुक्कामाचा हा तळ रस्त्यापासून आत होता. हंगाम संपला होता. गाड्या उभ्या करायच्या जागा रिकाम्या, शेकोट्यांची भिजलेली राख, लाकडी कचेरीच्या खिडकीत एक मिणमिणता दिवा. आत यायचा रस्ता एका बाजूने, बाहेर जायचा दुसऱ्या बाजूने, म्हणजे गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून. गर्दी कधी होत असेल असं मात्र वाटत नव्हतं. मधोमध पत्र्याच्या छपराखाली सगळ्यांसाठी धुण्याची जागा होती. तिथून साबणाचा आणि शेवाळाचा वास यायचा.

टाकी भरून तो परतला तर बायको गाडीत नव्हती. छपराखालच्या पिवळ्या दिव्यात ती भांडी धूत होती आणि तिच्याजवळ दुसरी एक बाई उभी होती. अगदी जवळ, कुणी कानात सांगितलेलं ऐकावं तशी. बायकोचे हात चालत होते, तोंडही चालत होतं. बसमध्ये निम्म्या शहराची सुखदुःखं ऐकलेली बाई, तिला माणूस मिळालं की झालं. तो आत जाऊन बसला.

ती आली ती कुडकुडत. सूप गरम करता करता बोलायला लागली.

"बिचारी गं बाई. नवरा डिझेल भरून येतो म्हणून गेलाय, अजून पत्ता नाही. काय काय विचारत होती. तुम्ही गाडी कशी चालवता, मी बेल कशी मारते, मुलगी कुठे असते, तिला काय म्हणून हाक मारतो… किती दिवसांत कुणी बोललंच नव्हतं वाटतं तिच्याशी."

"हं," तो म्हणाला. मागच्या चाकातली हवा त्याला कमी वाटत होती.

"अंगावर पांघरायला काही नव्हतं हो तिच्या. माझी मरून रंगाची शाल देऊन टाकली."

"हं."

"ऐकताय ना?"

"हं."

लग्नाला वर्षं झाली की नवऱ्याचं 'हं' घरातल्या घड्याळासारखं होतं. वाजतं, पण कुणी वेळ बघत नाही. तिने सूप वाढलं आणि विषय सोडून दिला.

जेवताना तळाचा रखवालदार दाराशी आला. खूप म्हातारा होता, कंदील गुडघ्याला लागेल इतका वाकलेला.

"फाटक लावतोय," तो म्हणाला. "आज तुमची एकच गाडी आहे."

"अहो, पण ती बाई आहे ना," बायको म्हणाली. "तिचा नवरा यायचाय. फाटक कसं लावता?"

रखवालदाराने कंदील दुसऱ्या हातात घेतला. "नळाजवळची ना? ती असते. नवऱ्यासाठी थांबलीय. मी इथे कामाला लागलो तेव्हाही थांबलेलीच होती."

बायको हसली. "काहीतरीच बोलता आजोबा. माझ्याएवढी तर आहे ती. आणि तुम्ही…"

"असेल," म्हातारा म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हता. "मी फक्त फाटक लावतो." आणि तो कंदील हलवत निघून गेला.

दिवसभराचा शीण होता, तिने ती गोष्ट हसण्यावारी नेली आणि दोघं झोपली. झोपेत त्याला कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं. मागून पुन्हा कुणीतरी खोकलं, जरा दुरून, पहिल्यासारखंच. त्याने कूस बदलली.

सकाळी बायकोचं अंग तापलं होतं. घसा बसलेला, नाक लाल. "गोळी घेते आणि झोपते मागे," ती म्हणाली. "तोंड तेवढं धुऊन येते. मग बेल मारते, तुम्ही निघा."

ती टॉवेल घेऊन छपराकडे गेली. तो ठोकळे काढत होता, नळी गुंडाळत होता, त्या मागच्या चाकाला लाथ मारून बघत होता. धुकं इतकं होतं की छप्पर दिसत नव्हतं. तो हात पुसून आपल्या जागेवर येऊन बसला आणि वाट पाहू लागला. थोड्या वेळाने मागचं दार लागल्याचा आवाज झाला, आणि डोक्यावर बेल वाजली. टण, टण… टिण. त्याने गाडी हलवली. बाहेर जायच्या रस्त्याने गाडी मोठ्या रस्त्याला लागली, तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "जरा हळू हो खड्ड्यातून." तो म्हणाला, "झोप तू."

सकाळ सगळी तशी गेली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी शेतं. मधूनच तो काही बोलायचा आणि पडद्यामागून एखादा शब्द यायचा, एखादा खोकला यायचा. बास. त्यालाही जास्त बोलायचं नव्हतं. सगळं अंग झोप मागत होतं.

दुपारी तो पेट्रोल पंपावर थांबला. ऊन लख्ख होतं. टाकीत डिझेल पडत होतं, पंपावरचा माणूस काच पुसत होता, आणि त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"अहो…" बायकोचा आवाज होता. घसा बसलेला. "तुम्ही मला सोडून गेलात."

त्याला वाटलं, ती मागून थट्टा करतेय. त्याने गाडीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता.

"कुठून बोलतेस?"

"तळावरून. कचेरीतल्या फोनवरून. माझा फोन गाडीतच राहिला. मी तोंड धुऊन आले तर गाडी नाही. किती हाका मारल्या हो… सकाळपासून बसलेय."

"पण बेल झाली. तुझीच बेल होती."

"मी कशाला मारू? दोरी काय, कुणीही ओढेल."

हे वाक्य त्याला कुठेतरी टोचलं. का ते त्याला तेव्हा कळलं नाही. फोन कानाला तसाच धरून तो गाडीत चढला आणि मागे गेला. आत तापलेल्या माणसाचा वास होता, औषधाच्या गोळीचा वास होता. त्याने पडदा सारला. पलंगावर पांघरूण डोक्यावरून घेऊन कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. पांघरूण हळूहळू वर होत होतं, खाली होत होतं.

"अगं…" तो म्हणाला.

"झोपू द्या हो," पांघरूण म्हणालं. "फार दमलेय."

फोनमधून आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

तो उभा राहिला. पंपावरचा माणूस काचेवर टिचकी मारून पैसे मागत होता. पांघरूण उचलायला एक हात पुरला असता. वाकडं बोट पाहिलं असतं तरी सोक्षमोक्ष लागला असता. पण पांघरुणाखाली तीच निघाली, तर मग फोनवर कोण? आणि ती नाही निघाली, तर… मग जे निघेल त्याच्याबरोबर या चिंचोळ्या गाडीत उभं कसं राहायचं? त्याने पडदा पुन्हा ओढून घेतला. भित्रेपणा होता तो, आणि थकवाही होता. दोन्ही एकाच वेळी आले की माणूस त्याला शहाणपण म्हणतो.

"येतोय मी," तो फोनमध्ये म्हणाला. "तिथून हलू नकोस."

बाहेर येऊन त्याने नळाखाली तोंड धरलं आणि विचार केला. हिशेब त्याला सरळ वाटला. पलंगावर आहे ती बायको असेल, तर ती बरोबर आहेच, एक हेलपाटा पडेल इतकंच. आणि तळावर आहे ती बायको असेल, तर संध्याकाळच्या आत तिथे पोचलं पाहिजे, ती एकटी आहे, तिला तिथे सोडून चालणार नाही. म्हणजे काही झालं तरी मागे जाणंच बरोबर. त्याने गाडी वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

वळताना मागे भांडी घसरली.

"का वळलात?" पडद्यामागून आवाज आला.

"विसरलंय काहीतरी."

"काय विसरलंय?"

काय सांगणार? 'तूच' असं सांगणार? त्याने गाडीचा वेग वाढवला.

"राहू द्या ना," आवाज म्हणाला. "परतायचं नाही ठरलंय आपलं."

मघाची शेतं आता उलट्या बाजूंनी येऊ लागली. आरशात पडदा दिसत होता, गाडीबरोबर हलत होता. पलीकडचं माणूस उठून बसलं आहे असं त्याला वाटलं.

"अहो… कुठे चाललोय आपण?"

"तळावर."

मग अगदी हळू, "तिकडे नका नेऊ मला… ती बाई रात्रभर खिडकीशी होती. मी खोकले की खोकून बघत होती… माझ्यासारखं जमतंय का ते."

ही घाबरलीय, त्याच्या मनात आलं, हिला परत तिथे जायचं नाहीये. वर्षानुवर्षं थांबून कंटाळलेली, कशीबशी एका गाडीत शिरलेली, तिला कोण परत जाऊ देईल? त्याला तिची दयासुद्धा आली. पण आपली बायको तिथे बसलीय, नुसत्या कचेरीच्या पायरीवर, तापात. त्याने दात आवळले.

बेल वाजली. एक. आणि मागून अर्धी.

पाय ब्रेककडे गेला. त्याने तो ओढून घेतला. पुन्हा बेल वाजली. पुन्हा. जन्मभर ज्या आवाजाला तो थांबला होता त्याच आवाजाला तो त्या दुपारी थांबला नाही, आणि दर वेळी छातीतून काहीतरी उपटून निघाल्यासारखं वाटलं. पडद्यामागे कुणी रडत होतं का खोकत होतं, इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं. हळूहळू बेल थांबली. दोरी ओढणारा हात दमला असावा.

तळाचा फाटा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. झाडांखाली धुकं पुन्हा साचायला लागलं होतं आणि साबणाचा, शेवाळाचा तो वास काचा बंद असून आत आला. फाटक दिसायला लागलं आणि बेल वाजली. टण… टिण.

या वेळी पायाने त्याचं ऐकलं नाही. गाडी थांबली.

मागचं दार उघडलं. पायरी करकरली. दार लागलं. मग गाडीच्या पत्र्यावर बाहेरून तळव्याच्या थापा पडल्या, एक, दोन, मागून पुढे सरकत, त्याच्या खिडकीच्या दिशेने. कुणीतरी गाडीला धरून धरून पुढे येत होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. उतरली, एवढंच त्याला कळलं, उतरली एकदाची. त्याने गियर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा डबल बेलशिवाय गाडी पुढे काढली.

कचेरीच्या पायरीवर ती बसली होती. मरून शाल डोक्यावरून घेतलेली. शाल पाहिली आणि त्याच्या जिवात जीव आला, डोळे भरून आले. ही शाल कुठेही ओळखली असती त्याने, मुलीने पहिल्या पगारातून घेतलेली. ती उठली, हळूहळू आली आणि पुढच्या खुर्चीत बसली. हात शालीत होते.

"आलात," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं याल."

"येणार नाही तर काय? चुकलंच माझं. फार थंडी वाजली का?"

"सवय झाली." तिने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. "चला आता. इथे नको थांबायला."

त्यालाही तेच हवं होतं. कचेरीची खिडकी अंधारी होती, रखवालदार कुठे दिसत नव्हता. गाडी त्याने बाहेर जायच्या रस्त्याच्या तोंडाशी आणली, आणि तिथे सवयीने अडला. "जा ना मागे," तो म्हणाला, "डबल दे. तुझ्या बेलशिवाय नाही निघणार आता. आजचा धडा पुरे झाला."

ती उठली आणि मागे गेली. त्याला पडदा सरकल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. नवख्या घरात दिव्याचं बटण शोधावं तसा भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज तेवढा येत होता.

त्याने आरशात पाहिलं. आत यायच्या रस्त्यावर, झाडांखाली, कुणीतरी चालत येत होतं. बाई होती. पळत नव्हती, पळण्याचं तिचं वय नव्हतं. पाय थोडे फाकवून, दर पावलाला जमीन हलेल अशा बेताने ती चालत होती. चालत्या बसमध्ये जन्म काढलेली माणसं स्थिर जमिनीवरही तशी चालतात.

डोक्यावर बेल वाजली. टण. टण.

त्याने मागचा टिण यायची वाट पाहिली.

आला नाही. दोन बेल, स्वच्छ, सारख्या, नुकत्याच भरती झालेल्या कंडक्टरच्या असतात तशा. आणि त्याचा पाय, त्याला न विचारता, क्लचवरून उठला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती पुढे येऊन बसली. "फार उबदार आहे शाल," ती म्हणाली.

तेव्हा त्याला ते आठवलं. सूप गरम होत होतं, आणि तो मागच्या चाकाचा विचार करत होता, आणि ती सांगत होती, आणि तो हं म्हणाला होता. गाडीचा वेग कमी झाला.

"काय झालं?" शेजारून आवाज आला. आवाज तिचाच होता.

वळायचं असतं तर तेव्हाच. अजून उजेड होता, फाटा फार मागे गेला नव्हता. त्याने एकदा शेजारी पाहिलं. शालीतून चेहरा दिसत होता, बायकोचाच, दमलेला, आणि डोळे त्याच्यावर लागलेले. इतक्या आशेने त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या नजरेची त्याला जी भीती वाटली ती त्याने पुढे कुणालाही सांगितली नाही.

"काही नाही," तो म्हणाला.

"परतायचं नाही ठरलंय ना आपलं?"

"नाही," तो म्हणाला.

समुद्राजवळच्या घरी मुलगी दारातच उभी होती. तिने आईला मिठी मारली, बापाला म्हणाली, किती वाळलात बाबा. घरगाडी अंगणात लागली, बेलची दोरी तिने गुंडाळून ठेवली. आई पहिल्यासारखं खूप बोलत नाही, पण सगळ्यांचं सगळं ऐकून घेते, याचं मुलीला कौतुक वाटलं. कुणी खोकलं, हसलं, तरी आई लक्ष देऊन बघते.

पहिल्याच आठवड्यात चहा घेताना मुलीने तिचा उजवा हात हातात धरला. "आई, तुझं बोट सरळ झालं की गं. कुठल्या डॉक्टरला दाखवलंस?"

"इतके दिवस प्रवासात होतो," ती म्हणाली. "आरामाने झालं असेल."

"हो ना बाबा?"

"हं," तो म्हणाला.

तो व्हरांड्यात बसून असतो. सगळे म्हणतात प्रवासाचा शीण आहे, जाईल. रोज ऊन उतरलं, दिवे लागायची वेळ झाली की त्याचा फोन वाजतो. तळाच्या कचेरीचा नंबर आहे. एकदाच पुरा वाजतो, आणि मागून एकदा अर्धाच वाजून तुटतो. तो हात पुढे करेपर्यंत बंद झालेला असतो. परत लावला तर तिकडे रखवालदार उचलतो, आणि नळाजवळच्या बाईबद्दल विचारलं की म्हणतो, आहे ना, नवऱ्यासाठी थांबलीय, मी फक्त फाटक लावतो.

"बाबा, घ्या ना फोन एकदा," मुलगी आतून म्हणते.

"राहू दे गं," शेजारच्या खुर्चीतून ती हळूच म्हणते, आणि त्याच्या गुडघ्यावर शालीचं टोक पांघरते. "चुकून लागत असेल कुणाचा तरी."

घंटी पहिल्यांदा वाजते तेव्हा त्याचा उजवा पाय व्हरांड्याच्या फरशीवर दाबला जातो, जोरात, अगदी तळापर्यंत, आणि दुसरी अर्धी वाजून तुटली तरी तो तसाच दाबलेला राहतो.